न धुतलेलं घड्याळ

बरणीचं झाकण वाकडं बसलं होतं. मी झाकण वाकडं ठेवत नाही. माझा जन्म झाकणं सरळ बसवण्यात गेला, त्यामुळे दारातूनच कळलं की कोणीतरी बरणीला हात लावलाय. जवळ गेलो तर बरणी रिकामी. तळाला मिठाचे थोडे पांढरे कण, बाकी काही नाही.

चोर शोधायला पोलीस लागणार नव्हते. माझ्या खोलीची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे असते. तो माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ.

ही म्हणजे माझी बायको. ती जाऊन वर्ष उलटलं.

लोकांच्या पाठीवर हवेच्या टाक्या बांधून त्यांना समुद्राखाली नेऊन आणायचं, हा मेहुण्याचा धंदा. बोट त्याची, पुढचं दुकान त्याचं, मागची खोली माझी. पाण्याखाली जाऊन आलेलं आणि सेलवर चालणारं जे काही असेल ते माझ्याकडे येतं. टॉर्च, कॅमेऱ्याच्या पेट्या, आणि मनगटावर बांधायचे डाइव्ह कॉम्प्युटर. तुम्ही किती खोल आहात, किती वेळ झाला, वर किती सावकाश यायचं, हे तो कॉम्प्युटर सांगतो. दुकानात सगळे त्याला घड्याळ म्हणतात. मला ते आवडत नाही. घड्याळ चुकलं तर बस चुकते. हे चुकलं तर माणूस वर येत नाही, किंवा येतो तो आडवा.

ही सगळी यंत्रं धुणं, पुसणं, त्यांचे सेल बदलणं, रबरी रिंगा बदलणं हे माझं काम. मेहुण्याने मला नाव ठेवलंय धोबी. तोंडावर दाजी, पाठीमागे धोबी. मला दोन्ही ऐकू येतं.

माझ्या खोलीत दोन टब आहेत. मोठा टब सूट-जाकिटांचा, लहान टब फक्त यंत्रांचा. लहान टबात कोमट गोडं पाणी. बोट धक्क्याला लागली की यंत्रं आधी तिथे आली पाहिजेत, खारं पाणी वाळायच्या आत. एकदा वाळलं की त्याचे खडे होतात, ते बटणांच्या फटीत आणि बारीक भोकांत जाऊन बसतात. मीठ विरघळेपर्यंत बटण दाबायचं नाही. मग मऊ फडक्याने टिपायचं, सावलीत वाळवायचं. उन्हात नाही आणि हवेचा झोत तर मुळीच नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की बोटीवरची माणसं मी तोंड उघडायच्या आधी माझी नक्कल करतात. आणि मग लहान टबात सरळ कमरेचा शिशाचा पट्टा टाकून निघून जातात. पालथ्या घड्यावर पाणी.

असा मी, आणि माझ्याच फळीवर एक कॉम्प्युटर वर्षभर न धुता पडलेला. तो हिचा.

ही पाण्याखाली शिकवायची. त्या दिवशी फेरी संपवून आली, केस ओलेच होते. मनगटावरचा कॉम्प्युटर सोडून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "डोकं ठणकतंय रे. जरा पडते. हे लगेच धू हां, नाहीतर उद्या माझ्यावरच ओरडशील." शेजारच्या खोलीत जाऊन पडली ती उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. समुद्राचा यात काही संबंध नाही, असंही म्हणाले.

मेहुण्याला डॉक्टरचं पटलं नाही. तो म्हणतो, ताई शेजारी मरत होती आणि तुम्ही बटणं घासत होतात. मी म्हणतो, डोकं बोटीवरच दुखायला लागलं होतं, बोट तुझी, फेरी तू लावलीस. वर्षभर आमचं हेच बोलणं चाललंय. आता शब्दही लागत नाहीत. तो माझ्या खोलीसमोरून जाताना खाकरतो, मी ब्रश टेबलावर आपटतो. झालं बोलणं.

कॉम्प्युटर मी धुतला नाही. त्याच्यावर वाळलेलं पाणी तिच्या शेवटच्या फेरीचं होतं. ते मी धुऊन मोरीत सोडणार नव्हतो. बरणीत घातला, झाकण लावलं, बरणी फळीवर ठेवली. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर त्याला मी दुकानाबाहेर काढला असता.

रिकामी बरणी हातात घेऊनच मी मागच्या अंगणात गेलो. टाक्या भरायचं मशीन तिथे आहे, आणि त्याच्या नळीला हवेची बंदूक. मेहुणा पाठमोरा उभा होता. डाव्या हातात हिचा कॉम्प्युटर, उजव्या हातात बंदूक. फुस्स, फुस्स करत तो कॉम्प्युटर वाळवत होता. शेजारी माझी भाची उभी, त्याची मुलगी, ओल्या सुटात, गळ्यात टॉवेल. तिने मला पाहिलं आणि बापाला म्हणाली, "बाबा, आतोबा आले."

"येऊ दे की," तो वळला नाही. "पायघड्या घालू का त्यांना?"

"खाली ठेव ते," मी म्हणालो.

"अहो दाजी, वाळवतोय. तुमचंच काम हलकं करतोय."

"हवा मारू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय? त्या भोकांच्या मागे पडदा असतो. कानात असतो तसा, त्याच्यावरच खोली कळते. तुझ्या कानात घालू का ही बंदूक?"

"घाला. तसंही तुमचं ऐकून ऐकून कान गेलेच आहेत."

मी त्याच्या हातातून कॉम्प्युटर ओढून घेतला. स्वच्छ होता. काच लख्ख, पट्टा ओला, बटणांच्या कडेला पांढऱ्याचा ठिपकाही नाही. वर्षभर जपलेलं मीठ गेलं होतं. सकाळी कधीतरी, धक्क्याच्या पायऱ्यांपाशी, सरावाला उतरलेल्या भाचीच्या मनगटावरून ते समुद्रात परत गेलं होतं. आता याच्यावर जे काही ओलं होतं ते आजचं पाणी होतं. कोणाचंही.

मला वाटलं होतं मी ओरडेन. सवयीने मी त्याचा पट्टा सदऱ्याला टिपला.

भाची पुढे झाली. "आतोबा, मला वाटलं तुम्हीच दिलंत. बाबा म्हणाले, आतोबांनी धुऊन दिलंय."

"धुऊन दिलंय म्हणाला?"

"मग काय म्हणू?" मेहुणा म्हणाला. "तुझ्या आतोबाने लोणच्यासारखं मुरत घातलंय म्हणू?"

इथे भाचीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नुसता मेहुण्याचा दोष दिसेल आणि तेवढं मोठं सुख मला फुकट मिळायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदा पाहुण्यांना घेऊन बुडालेल्या जहाजापर्यंत जाणार होती. पुढे ती, मागे पाहुणे. आत्यानेच तिला पाण्यात उतरवलं, आत्यासारखंच व्हायचं हे तिने लहानपणीच ठरवलेलं. तिचा स्वतःचा कॉम्प्युटर अगदी आत्याच्या जोडीचा, दोघींनी एकाच दिवशी घेतलेला. पण तो माझ्या टेबलावर उघडा पडला होता. त्याचा सेल बदलला मेहुण्याने, आणि झाकण आवळलं पकडीने. त्याला घट्ट म्हणजे काय ते कळतं, पुरे म्हणजे काय ते कळत नाही. झाकणाला तडा गेला. तडकलेल्या झाकणातून पाणी जातं, म्हणून मी नवं मागवलं होतं. ते आलं नव्हतं. दुकानातले भाड्याचे सगळे कॉम्प्युटर, मेहुण्याचा स्वतःचा धरून, उद्या पाहुण्यांच्या हातावर जाणार होते.

हिच्या कॉम्प्युटरचं झाकण भाचीच्या कॉम्प्युटरला बसलं असतं. हे मला माहीत होतं, मेहुण्यालाही माहीत होतं. त्याने मागितलं नाही. मी होऊन दिलं नाही. मागितलं असतं तर नाहीच म्हणालो असतो, म्हणून त्याने मागितलं नाही. आम्ही एकमेकांना इतके ओळखतो.

मी खोलीत आलो आणि कॉम्प्युटर टेबलावर ठेवला. ती दोघं माझ्यामागून आली. मेहुणा माझ्या स्टुलावर बसला. त्या स्टुलावर मी कोणाला बसू देत नाही.

तेवढ्यात माझं काचेकडे लक्ष गेलं. कॉम्प्युटर चालू होता. पाणी लागलं की हे आपोआप जागे होतात आणि वर आल्यावर थोड्या वेळाने गप्प होतात. हा गप्प झाला नव्हता. कोरड्या टेबलावर, माझ्या चष्म्याशेजारी, तो दोन मीटरहून जास्त खोली दाखवत होता. खाली वेळेचा आकडा पुढे सरकत होता. त्याच्या मते कोणीतरी अजून पाण्याखाली होतं.

"हे बघ," मी म्हणालो. "हे बघ तुझ्या बंदुकीने काय केलं. पडदा गेला."

मेहुणा वाकून बघायला लागला. "पडदा नाही गेला. मीठ अडकलंय भोकांत. वर्षभर मिठात ठेवल्यावर काय होणार? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, खडे होतात म्हणून? नाकाने कांदे सोलता नुसते."

"सकाळपर्यंत ठीक होतं."

"तुम्हाला काय माहीत? बरणीत वाचता येत होतं?"

मी भाचीला विचारलं, "वर आलीस तेव्हा शून्य दाखवत होतं?"

तिने टॉवेलचं टोक पिळलं. मग म्हणाली, "थोडंसं दाखवत होतं. मला वाटलं ओलं आहे म्हणून."

"ऐका!" मेहुण्याने मांडीवर थाप मारली. "बंदुकीच्या आधीच. ऐका, धोबीबुवा." पहिल्यांदाच तोंडावर म्हणाला.

"ओलं असताना दाखवतंच जरा वेळ."

"हो हो. तुमचं मीठ गोड आणि माझी हवा विषारी."

आम्ही दोघंही चुकत होतो की एकच, हे ठरवायचा उपाय साधा होता. कोमट गोड्या पाण्यात, थोडं पांढरं व्हिनेगर टाकून, भिजवायचं. मीठ असेल तर सुटेल आणि आकडा शून्यावर येईल. पडदा फाटला असेल तर नाही येणार. म्हणजे जे वर्षभर केलं नाही ते आता करायचं होतं, आणि तेही या माणसाच्या समोर, तो म्हणतो ते खरं की खोटं हे बघायला. पण त्यावरचं तिचं मीठ आता राहिलंच नव्हतं. राखायचं तरी काय होतं?

मी किटलीतलं पाणी लहान टबात ओतलं, कोपराने बघितलं, थंड पाणी मिसळलं, थोडं व्हिनेगर टाकलं. कॉम्प्युटर तळहातावर ठेवून पाण्यात सोडला. तिच्या पट्ट्याला ज्या भोकाशी सुरकुती पडलीय, तिथे बोट लागलं. मी हात लगेच बाहेर घेतला.

तिघं टबाभोवती बसलो. भाचीने चहा करून आणला. मेहुण्याने माझ्या कपातून घेतला, मुद्दाम.

"आकडा हलतोय का?" त्याने विचारलं.

"भांडं सारखं उघडून बघितलं की भात शिजत नाही."

"आम्हाला शिकवा आता भात. ताई गेल्यापासून तुमच्याकडे शिजतोय का?"

"तुझ्या घरून डबा आला नाही म्हणून काही मेलो नाही मी."

"पाठवला होता. परत पाठवलात."

"मीठ जास्त होतं."

भाची हसली. हसायचं नव्हतं तिला, पण हसली. मेहुणा हसला नाही. कप खाली ठेवून तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "माझी बहीण होती ती, दाजी. तुम्ही तिला बरणीत घालून ठेवलंत. मला साधं बघायलाही दिलं नाहीत. तिची एक वस्तू आहे का माझ्याकडे? एक तरी?"

"बोट आहे. तिच्या जिवावर चालवलीस."

"आणि तुम्ही कोणाच्या जिवावर या खोलीत आहात? पाण्याला भिणारा माणूस, कमरेच्या वर समुद्रात गेला नाही जन्मात. ती नसती तर तुम्हाला इथे मासे साफ करायलाही कोणी ठेवलं नसतं."

यावर मी काय बोललो असतो ते बरं नव्हतं. भाचीने टॉवेल टेबलावर आपटला.

"झालं का दोघांचं? उद्या खाली मी जाणार आहे. तुम्ही नाही. आकडा बघा."

मी पाण्यावर वाकलो. आकडा जिथे होता तिथेच होता. पाणी बदललं, पुन्हा भिजवलं, मऊ ब्रशने भोकांवरून हलकेच फिरवलं. बाहेर काढून टिपून टेबलावर ठेवला. दोन मीटरच्या वर, आणि वेळ चालू.

"पडदाच आहे," मी म्हणालो. मी जिंकलो होतो. वर्षभरात पहिल्यांदा मेहुण्यासमोर मी खरा आणि तो खोटा ठरला होता, आणि मला त्यातून चहाच्या घोटाएवढंही काही मिळालं नाही.

मेहुणा लगेच हरणाऱ्यातला नव्हता. "कशावरून? मिठानेच पडदा कुरतडला असेल. आणि बिघडून बिघडलं काय? थोडं जास्तच दाखवतंय ना? बरंच की. पोरगी सावध राहील. बांधून जा गं खुशाल."

"आज जास्त दाखवतंय, खाली गेल्यावर कमी दाखवेल," मी म्हणालो. "खोटारडा माणूस काय एकाच बाजूने खोटं बोलतो? तुला तरी हे कळायला हवं."

"मग काय करू? पाहुण्यांना सांगू, आमच्या जावयाचं सुतक संपलं की या?"

भाची माझ्या टेबलापाशी गेली. तिचा स्वतःचा कॉम्प्युटर तिथे उघडा पडला होता, शेजारी तडकलेलं झाकण. ते तिने उचललं, हिच्या कॉम्प्युटरच्या मागच्या झाकणाला लावून बघितलं. मापाला माप.

"आतोबा, हे काढा."

नाही हा शब्द माझ्या तोंडात वर्षभर तयार होता.

ती थांबली नाही. "काढायचं नसेल तर राहू दे. मी नाही जात. मग बाबा जातील पाहुण्यांना घेऊन, हेच बांधून. आणि तुम्हाला तेच हवं असेल तर तसं सांगा."

खरं लिहितो, क्षणभर मोह झाला. मेहुण्यालाही तो दिसला असावा, कारण तो स्टुलावर जरा मागे सरकला.

मग मी खण उघडला, झाकणाच्या खाचेत बसणारं नाणं काढलं. कॉम्प्युटर पालथा केला. नाणं खाचेत ठेवलं.

"थांबा," मेहुणा म्हणाला.

तो उठून आला. माझ्या हातातला कॉम्प्युटर त्याने उलटा केला, काच वर. आकडा चालूच होता. काचेवर एक थेंब राहिला होता, तो त्याने अंगठ्याने पुसला. काचेवर अंगठा फिरवू नये, ओरखडे पडतात. मी बोललो नाही.

वेळेचा आकडा पुढे गेला. पुन्हा गेला. तिघंही बघत होतो.

"काढा," तो म्हणाला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

मी झाकण फिरवलं, सेल काढला. काच रिकामी झाली.

आत एक थेंब नव्हता. वर्षभर मीठ, मग समुद्र, मग बंदूक, मग माझा टब, तरी आत कोरडं ठणठणीत. शेवटचा सेल तिने स्वतः बदलला होता. रबरी रिंगेवर ग्रीस नेहमीसारखं जास्त, पावाला लोणी थापावं तसं. मी तिला किती वेळा म्हणालो होतो, जेमतेम चकाकी येईल एवढंच लावायचं, जास्त लावलं की त्याला केस चिकटतो, वाळू चिकटते आणि तिथून पाणी शिरतं. ती म्हणायची, "तुझं चुकून कमी पडलं तर? माझं नाही पडणार." आणि तिच्या यंत्रात पाणी कधी शिरलं नाही. त्याचा मला राग यायचा.

झाकणावरची जुनी रिंग काढली. झाकणावरचं ग्रीस कापसाने पुसलं, ते पुसावंच लागतं. नवी रिंग घेतली, दोन बोटांत फिरवून बघितली, केस नाही, चीर नाही. तिच्यावर ग्रीस लावलं, जेमतेम चकाकी येईल इतकंच. भाचीच्या कॉम्प्युटरात नवा सेल घातला, झाकण बसवलं, नाण्याने फिरवलं, पुरे तिथे थांबलो. मग प्रेशरच्या भांड्यात घालून, एका चांगल्या कॉम्प्युटरशेजारी ठेवून, हातपंपाने दाब दिला. दोघांनी एकच खोली दाखवली. पाणी शिरलं नाही. भाचीला दिला तेव्हा ती म्हणाली, "आत्याचं झाकण आहे म्हणून सांगू का सगळ्यांना?"

"सांगू नकोस. तडकवशील, मग लाज वाटेल."

मेहुणा दारापर्यंत गेला, परत आला. "ते मला द्या," म्हणाला. झाकण नसलेला, सेल नसलेला हिचा कॉम्प्युटर.

"नाही."

"माहीत होतं मला."

"मग विचारलंस कशाला?"

"मागे म्हणालात ना, मी मागतच नाही म्हणून." आणि गेला. असं मी त्याला कधी म्हणालो नव्हतो. मनात म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेलो नाही. टॉर्चची टोकं घासत बसलो. आधीच घासलेली होती, पुन्हा घासली. बोटीचा आवाज आल्यावरही उठलो नाही. मग ओल्या पायांचा आवाज जवळ आला आणि भाची आत आली, सूट अंगावरच, केसांतून पाणी गळतंय. माझ्याशी बोलायच्या आधी तिने मनगटावरचा कॉम्प्युटर सोडला, लहान टबात ठेवला, पाण्यात सावकाश हलवला. एकही बटण दाबलं नाही.

"शून्य दाखवतंय," ती म्हणाली.

"बघितलं मी."

"बाबा विचारत होते, हवेची बंदूक कुठे गेलीय."

"मला काय माहीत?"

ती हसत आंघोळीला गेली. हिचा कॉम्प्युटर मी परत बरणीत ठेवला नाही. उघडं यंत्र बंद बरणीत ठेवलं की ओल धरतं. तो खिडकीत आहे, सावलीत, फडक्यावर पालथा. झाकण लागत होतं त्या कडेला तिचं ग्रीस अजून तसंच आहे. ते पुसायचं कारण नाही.

अंगणात मेहुणा कोणावर तरी ओरडतोय, कपाटं उघडतोय, आपटतोय. बंदूक बरणीत आहे, फळीवर. झाकण सरळ लावलंय, म्हणून त्याचं लक्ष जाणार नाही.